खंडेनवमीचा निंजा

माझ्या नवऱ्याला दुसऱ्या कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. ते काम माझं आहे, आणि लग्न झाल्यापासून मी ते अगदी मन लावून करते. तेव्हा पुढचं ऐकून वरुणबद्दल घाईने मत बनवू नका. माणूस सरळ आहे. म्हणजे होता. आहे. जाऊ दे, जसं झालं तसं सांगते, काय ते तुम्हीच ठरवा.

आमचं घर जयपूरला, आदर्श नगरात. माझे सासरे, दिलीपराव, विमा कंपनीत अधिकारी होते. सांगलीहून बदली होऊन आले, पुढच्या बदलीची वाट बघत राहिले आणि शेवटी इथेच घर बांधून मोकळे झाले. वरुण शिकला इथेच. त्याच्या मराठीत दर चार शब्दांनी एक ‘मतलब’ येतो. मी इचलकरंजीची, माझा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू जातो असं तो म्हणतो. सासरे गेले. आता घरात आम्ही दोघं, कॉलेजात जाणारी ज्ञानदा आणि माझ्या सासूबाई, शालिनीताई. मी त्यांना आईच म्हणते.

वरुणही विम्याच्याच कामात आहे, पण सर्व्हेअर. मतलब — बघा, मलाही सवय लागली — कुणाची गाडी ठोकली, दुकान जळलं, गोदामात पाणी शिरलं की कंपनी याला बघायला पाठवते. माणूस रडून सांगतो त्यातलं खरं किती आणि वाढवलेलं किती, हे ठरवायचं याने. दिवसभर लोक याच्यापुढे लेकराबाळांच्या शपथा घेतात आणि हा खाली वाकून बंपरचा पत्रा बघत असतो. घरी आला तरी नजर तीच. मी भेंडी आणली तर एक मोडून बघतो आणि विचारतो, “ताजी म्हणून दिली का तुला?” एखाद्याचं डोकं फिरेल. माझं फिरतंच.

आणि या माणसाला नाद कसला, तर व्हिडिओ गेमचा. मोबाइलवरचे नाहीत, जुने. टीव्हीला मशीन जोडायचं, वरून कॅसेट खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची, ते. लहानपणी याच्याकडे सगळ्यांकडे असायचं तसलं नकली मशीन होतं. कमवायला लागल्यावर साहेबांनी अस्सल जमवायला सुरुवात केली. जपानचे, अमेरिकेचे, खोक्यासकट, आतल्या पुस्तिकेसकट. हॉलमध्ये काचेची दोन कपाटं भरली आहेत. पाहुणे आले की त्यांना वाटतं औषधांचं दुकान आहे.

त्यात निंजाचे खेळ म्हणजे याचा जीव की प्राण. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस भिंतीवरून उड्या मारतो आणि दिसेल त्याला तलवारीने कापत सुटतो. सगळ्या खेळांत हेच. मी एकदा म्हटलं, “अरे, एकच घे की, बाकीच्यांत तरी वेगळं काय होतं?” तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पण नाद म्हणून सोडून द्यावं असंही नव्हतं. असे जमवणारे देशभर आहेत, त्यांचा फोनवर ग्रुप आहे, आणि त्या ग्रुपवर आमच्या वरुणचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कुणी जुना गेम विकायला काढला की घेणारा आधी विचारणार, “वरुणजी ने देख लिया?” देखलं असेल तर व्यवहार पक्का. दिल्लीहून, इंदूरहून पार्सलं यायची. हा पांढरे हातमोजे घालून बसायचा. लेबल मूळचं की छापलेलं, स्क्रू उघडलेला की नाही, खोक्याचे कोपरे कसे आहेत, सगळं भिंगातून बघायचा आणि भाव सांगायचा. कुणाकडून एक पैसा घेतला नाही कधी. उलट परतीचं टपाल आमच्या खिशातून. त्याचीच त्याला घमेंड होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती.

सर्वांत मोठा मान सीलबंद गेमला. कारखान्यातून निघाला तेव्हाचं प्लॅस्टिक जसंच्या तसं, कुणी उघडलेलंच नाही. त्याचा भाव उघड्या गेमच्या कितीतरी पट. म्हणून मग लोक लबाडी करतात, जुन्या खोक्यावर नवं प्लॅस्टिक चढवतात आणि गरम हवेने आवळून घेतात. वरुण ते लांबून ओळखायचा. शिवण पाठीमागे कुठे यायला हवी, कोपऱ्यावर बारीक भोकं का पडतात, नवं प्लॅस्टिक जास्त का चकाकतं, ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. अशी लबाडी सापडली की ग्रुपवर नावासकट सांगायचा. दयामाया नाही. अजमेरच्या एका बिचाऱ्याच्या आईने दिवाळीची साफसफाई म्हणून त्याचे गेम ओल्या फडक्याने पुसले, लेबलं गेली. तर याने लिहिलं, “चोरों से बाद में, पहले घरवालों से बचाइए.” सगळे हसले. आईंना मी ते वाचून दाखवलं नाही.

आता राजरत्नचं सांगते. राजरत्न रेल्वेत आहे, सिग्नल खात्यात. मूळचे नागपूरकडचे. त्याचे वडील बळवंतराव रेल्वेतच होते, बदली होऊन इथे आले. मराठी मंडळात ओळख झाली आणि मग घरचाच झाला. वरुणला दादा म्हणतो, मला वहिनी. आईंशी तर गप्पा मारत तासन्‌तास बसतो, कारण दोघांनाही न थांबता मराठी बोलायला कुणी मिळत नाही.

एकदा जेवताना वरुण कपाटातलं काहीतरी दाखवत होता, तर हा म्हणाला, “असं एक माझ्याकडे आहे जी, पेटीत.” झालं काय होतं, याचे मामा बोटीवर नोकरीला. त्यांनी भाच्यासाठी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून निंजाचा गेम आणला होता. पण तो ज्या मशीनला लागतो ते मशीन यांच्याकडे नव्हतं, आणि रेल्वे क्वार्टरमध्ये ते येण्यासारखंही नव्हतं. बळवंतराव म्हणाले, मशीन येईल तेव्हा फोडू. ते काही आलं नाही. याच्या आईने, द्वारकाबाईंनी, तो खोका रजयांच्या पेटीत ठेवला. हा लहानपणी कधी कधी पेटी उघडून वरचं चित्र बघायचा आणि पुन्हा ठेवायचा. खेळला कधीच नाही. म्हणून सील तसंच राहिलं.

वरुणचा घास हातातच राहिला.

राजरत्न तेव्हा जगतपुऱ्याला फ्लॅट घ्यायच्या खटपटीत होता. वरुण म्हणाला, गेम खरा असेल तर पहिल्या हप्त्याला चांगला हातभार लागेल. राजरत्नला आधी थट्टाच वाटली. मग म्हणाला, “तुम्ही बघा दादा. तुम्ही म्हणाल ते.”

दसरा आला. राजरत्नकडची सगळी मंडळी दसऱ्याला नागपूरला जातात, दीक्षाभूमीवर. क्वार्टर बंद राहणार, म्हणून जायच्या आदल्या संध्याकाळी तो खोका घेऊन आला आणि वरुणच्या हातात ठेवून गेला. वरुणने नुसती वरवर नजर टाकली. घाईघाईने बघायचं नव्हतं त्याला, सुटीच्या दिवशी निवांत, चांगल्या उजेडात बघायचं होतं. टेबलावर स्वच्छ रुमाल पसरून त्यावर ठेवला आणि मला बजावलं, “याला हात लावायचा नाही.” मला बजावलं. आईंना बजावायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

खंडेनवमीला सकाळी वरुणला फोन आला. टोंक रोडला ट्रक उलटला होता, सर्व्हे लगेच हवा. तो गेला. मी स्वयंपाकघरात श्रीखंडाला चक्का फेटत होते. आईंनी देवापाशी पाट मांडला आणि शस्त्रपूजेची तयारी केली. आता आमच्या घरात शस्त्र म्हणून काय असणार? विळी, अडकित्ता, कात्री, शिवणयंत्र, वरुणची मोजायची टेप, ज्ञानदाची पुस्तकं. शेजारी राठौडांकडे त्या दिवशी खऱ्या तलवारी निघतात, म्यानातल्या, मखमलीच्या. आई दरवर्षी जाऊन बघून येतात आणि दरवर्षी म्हणतात, “आपलं मेलं अडकित्त्यावर भागवायचं.”

त्या वर्षी त्यांनी भागवलं नाही. लेकाच्या टेबलावर रुमाल अंथरून ठेवलेली वस्तू त्यांना दिसली. म्हणजे काहीतरी मोलाचं. आणि वर चित्र कसलं, तर दोन्ही हातांनी तलवार उगारलेला वीर. याहून योग्य शस्त्र पूजेला कुठून मिळणार? त्यांनी तो खोका अलगद उचलून पाटावर अडकित्त्याच्या शेजारी ठेवला. हळद लावली, ओलं कुंकू लावलं निंजाच्या बरोबर कपाळावर, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. ओवाळलं. मी हात जोडायला बाहेर आले तेव्हा पूजा आटोपली होती. वरुणने बजावलेलं आठवलं. पण आईंचा चेहरा इतका उजळलेला होता की माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. म्हटलं, येईल तो, हळूच पुसेल, झालं.

वरुण दुपारी आला तेव्हा आई झोपल्या होत्या. त्याने पाट बघितला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण तो ओरडला नाही. पांढराफटक पडला आणि कुजबुजत म्हणाला, “अनुया, ग्रुपवर कळलं तर?”

मी म्हटलं, “राजरत्नला काय वाटेल ते विचार आधी. ग्रुप गेला खड्ड्यात.”

त्याने ऐकलं नाही. हातमोजेसुद्धा घातले नाहीत. कापूस पाण्यात बुडवला आणि निंजाचं कपाळ घासायला लागला. कुंकू निघत होतं हो! मी बघत होते, सरळ निघत होतं. पण याला धीर कुठला? हळदीचा पिवळा डाग थोडा राहिला म्हणून नखाने खरवडला, आणि ते जुनं, कडक झालेलं प्लॅस्टिक टर्रकन फाटलं. इतकी वर्षं रजयांच्या पेटीत टिकलेलं, आणि आमच्या सर्व्हेअर साहेबांच्या हातात एका मिनिटात फाटलं. आईंच्या पूजेने काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं याने.

मी म्हटलं, “फोन लाव राजरत्नला. आत्ता.”

“लावतो. तो नागपुरात गर्दीत असेल. आला की सांगतो.”

दुसऱ्या दिवशी माझा केस वाळवायचा ड्रायर जागेवर नव्हता. वरुणच्या खोलीचं दार आतून बंद, आणि आत घों घों आवाज. आता माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर वाळवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे सगळ्या आदर्श नगराला ठाऊक आहे. मी दार ठोठावलं. उघडलं तेव्हा टेबलावर तो खोका होता. नवाकोरा, घट्ट, चकचक न करणारा. लबाडीचं सामान दाखवून लोकांना शहाणं करायचं म्हणून त्याने कधीतरी जुन्या प्लॅस्टिकची गुंडाळी मिळवून ठेवली होती, ती वापरली. शिवण बरोबर पाठीमागे. कोपऱ्यावर भोक नाही. सगळ्यांच्या चुका माहीत असलेल्या माणसाने एकही चूक केली नव्हती.

“वरुण,” मी म्हटलं, “हे तू काय केलंस?”

तो म्हणाला, “आईसाठी केलं. तिला कळलं तर किती वाईट वाटेल तिला.”

मला असा संताप आला! आईंना पुढे करतोस? आईंना कुणी काही सांगायची गरजच नव्हती. याला लाज वाटत होती ती स्वतःच्या घराची. वरुणजींच्या घरात गेमला हळदकुंकू लावतात, हे त्या ग्रुपवर कळेल याची. अजमेरवाल्याला हसला होता ना, आता आपल्याला हसतील याची. मी हे सगळं तोंडावर बोलले. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “सांगतो मी राजरत्नला. नक्की सांगतो.” मी ड्रायर उचलला आणि आले. तो ड्रायर मी परत वापरला नाही, ज्ञानदाला देऊन टाकला.

राजरत्न नागपूरहून संत्रा बर्फी घेऊन आला. मी मुद्दाम चहाच्या निमित्ताने आत गेले, दोघांना एकटं सोडलं. भांड्यांचा आवाजसुद्धा केला नाही. बाहेरून वरुणचा आवाज आला, अगदी रोजचा, “असली आहे. सील भी ओरिजिनल. टॉप पीस.” मी चहा घेऊन गेले तर राजरत्न खोका हातात धरून, उलटासुलटा करून बघत होता. बराच वेळ बघत होता. मग हळूच म्हणाला, “बरं दादा. तुम्ही म्हणता तर.” मी दोघांकडेही बघू शकले नाही, बर्फीकडे बघत बसले.

ग्रुपवरच्या, बंगळुरूच्या सुधाकरजींनी तो गेम न बघता घेतला. वरुणजी म्हणाले ना, बस.

दिवाळी आली. दरवर्षी भाऊबीजेनंतर राजरत्न फराळाला येतो, त्या वर्षी आला नाही. वरुणने सुटकेचा श्वास टाकला असणार, पण तोही धड नव्हता. ग्रुपवर लिहिणं बंद. आलेली पार्सलं न उघडता परत पाठवली, प्रकृतीचं कारण सांगून. कामावरही, लोक म्हणतील ते मान्य करून यायला लागला. मी विचारलं, “काय रे, बंपर बघितलास का?” तर म्हणाला, “मैं कौन होता हूँ किसीको झूठा कहनेवाला.” मला त्याची दया येत होती आणि रागही जात नव्हता. मीही मूग गिळून बसले होते, माझी काय मोठी मिजास?

शेवटी आईंनीच राजरत्नला फोन केला. “का रे, काकूला विसरलास? चिवडा अजून ठेवलाय तुझ्यासाठी.” त्यांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. रविवारी सकाळी आला. बसला, पण कडेला, पायातले बूट काढून झाले तरी परत घालायच्या बेतात असल्यासारखा. वरुण समोर. दोघंही चिवड्यातले शेंगदाणे शोधत बसले.

आई आनंदात होत्या. म्हणाल्या, “तुझा तो खेळ चांगल्या किमतीला गेला म्हणे. जाणारच! मी पूजा केली होती त्याची.”

राजरत्नने मान वर केली. “पूजा?”

“खंडेनवमीला. तू नागपूरला होतास ना. म्हटलं, एवढा तलवारवाला घरात आलाय तर त्याला का वगळा? चांगलं हळदकुंकू लावलं कपाळाला. तुला चाललं ना रे? तुमच्याकडे नसतं हे, ठाऊक आहे मला.”

“चाललं ना काकू, काहून नाही चालणार,” तो म्हणाला. पण बघत होता वरुणकडे. “दादा, म्हणून बदललं होय ते प्लॅस्टिक?”

वरुणने हातातली वाटी खाली ठेवली. “तुला माहीत होतं?”

“हातात घेतलं तेव्हाच कळलं जी. खालच्या कडेला माझ्या नखाची खूण होती. लहानपणी फोडावंसं वाटायचं, तेव्हा नख लावून लावून पडलेली. ती नव्हती.” तो थांबला. “मला वाटलं, त्या खुणेमुळे भाव कमी येईल म्हणून तुम्ही माझ्यासाठी नवं केलं. माझा फ्लॅट अडला म्हणून. एवढा सच्चा माणूस, माझ्यापायी लबाडी केली त्याने. मी नको म्हणायला पाहिजे होतं. लालूच सुटली, नको म्हटलं नाही. तवापासून तुमच्या दारात यायचं तोंड नव्हतं मला. त्या पैशाला हातही लावला नाही. तसाच पडून आहे बँकेत.”

असं वाटलं, जमीन फाटावी आणि आम्ही दोघं आत जावं. मी नवऱ्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, आता तरी बोल. हो म्हणालास, तुझ्यासाठीच केलं म्हणालास, तर सुटशील. राजरत्न उलट तुझे उपकार मानेल. एक ‘हो’ फक्त. आणि मला भीती वाटली की हा ‘हो’ म्हणेल.

“नाही,” वरुण म्हणाला. “तुझ्यासाठी नाही केलं. माझ्यासाठी केलं. लोक हसतील म्हणून.”

आई इकडून तिकडे बघत होत्या. “काय बदललं? माझ्या कुंकवाने काही झालं का रे?”

“नाही आई. तुझं कुंकू निघत होतं. मी घासलं, मी फाडलं. आणि मग नवं चढवून याला खोटं सांगितलं.”

आईंनी हात मांडीवर ठेवले. त्यांना सगळं कळलं असेल असं नाही, पण लेक खोटं बोलला एवढं कळलं. त्या वरुणला रागावल्या नाहीत. राजरत्नला म्हणाल्या, “मला विचारायला हवं होतं रे तुला, हात लावण्याआधी. दुसऱ्याची वस्तू होती.” त्यांनी त्या पोरासमोर हात जोडले. राजरत्नने घाईने त्यांचे हात धरून खाली केले. वरुण हे बघत होता. त्याच्या कामाची माफी त्याची आई मागत होती, आणि त्याला बघावं लागत होतं.

मी फोन त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, “सुधाकरजींना लाव. माझ्यासमोर. नंतर सांगतो हे मी आता ऐकणार नाही.”

त्याने लावला, स्पीकरवर. एकट्याने कानाला लावून बोलायची ताकद नसावी.

“सुधाकरजी, वो निंजावाला पीस. सील ओरिजिनल नहीं है. मैंने चढ़ाई है.”

“वरुणजी, मजाक कर रहे हैं?”

“नहीं.”

“क्यों की आपने?”

वरुणने आईकडे बघितलं. मला वाटलं, सांगेल आता पूजेचं, लोक हसले तरी निदान कारण तर आहे. तो म्हणाला, “पुरानी मेरे हाथ से फट गई थी. फिर झूठ बोल दिया. गलती सिर्फ मेरी है. पैसे वापस आ जाएँगे.”

“पैसों की बात नहीं है,” सुधाकरजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. “आपके पास किए हुए गेम मेरे घर में और भी हैं. मेरे दोस्तों के घर में हैं. उनका क्या समझूँ मैं?”

वरुणने तोंड उघडलं. बाकीचे सगळे खरे होते. मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं. रात्र रात्र भिंग लावून बघितलेले होते. पण ते आता त्याने म्हणायचं कोणत्या तोंडाने? दिवसभर लोक ज्या शपथा याच्यापुढे घेतात त्यातली एकही त्याला घेता येईना.

तेवढ्यात राजरत्न पुढे वाकला, फोनजवळ तोंड नेलं आणि म्हणाला, “बाकी सब सही हैं.”

“आप कौन?”

“जिसका गेम था, वो.”

वरुणने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. राजरत्न तसाच फोनवर वाकून बसला होता, सुधाकरजींनी अजून काही विचारलं तर उत्तर द्यायला.